घोड्याच्या ट्रेलरमधल्या ड्रेसिंग रूमचं वायरिंग घरच्या घरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही टेक्सासमध्ये राहतो, फोर्ट वर्थच्या पश्चिमेला. मुलगी फोर-एच या मुलांच्या क्लबमध्ये घोडेस्वारी शिकते, त्यामुळे अंगणात दोन घोड्यांचा ट्रेलर उभा असतो. त्याच्या पुढच्या खोलीचं वायरिंग मी स्वतः केलं, एकदा चुकीचं आणि एकदा नीट. ओळखीची दोन-तीन मराठी घरं आता हेच करायला निघाली आहेत आणि फोनवर प्रश्न साधारण तेच येतात, म्हणून एकदाच लिहून काढते. मी इलेक्ट्रिशियन नाही. वडिलांचं मिरजेत मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, त्यामुळे पक्कड लहानपणापासून हातात. ती सवय निम्मी कामाला आली, निम्मी अंगाशी आली.

ड्रेसिंग रूम म्हणजे नेमकं काय? तिथे वीज कशाला लागते?

ट्रेलरच्या नाकाशी, घोड्यांच्या कप्प्यापुढे असलेली पाच-सहा फुटांची खोली. खोगीर, लगाम, खराऱ्याचे ब्रश, तोबरे सगळं तिथे लटकतं आणि स्पर्धेच्या दिवशी मुलं तिथेच कपडे बदलतात. बऱ्याच ट्रेलरमध्ये छताला एक मिणमिणता दिवा असतो, तोही ट्रकला जोडलेला असतानाच लागतो. पहाटे साडेचारला मोबाइल तोंडात धरून मुलीच्या केसांची जाळी बांधली की वीज कशाला हवी हे कळतं. दोन दिवे, एक पंखा, मोबाइल चार्ज करायला एक सॉकेट. बहुतेकांना एवढंच हवं असतं आणि एवढं १२ व्होल्टवर आरामात होतं.

भारतात घरचं वायरिंग केलंय. तोच अनुभव इथे चालेल ना?

हात चालेल, डोळा चालणार नाही. आपल्याकडे काळी वायर म्हणजे न्यूट्रल, हे इतकं मुरलेलं असतं की काळ्या वायरीला आपण बिनधास्त हात लावतो. अमेरिकेत १२० व्होल्टच्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे फेज आणि पांढरी म्हणजे न्यूट्रल. ट्रेलरच्या १२ व्होल्टमध्येही पांढरी निगेटिव्ह, आणि बॅटरीकडे जाणारी पॉझिटिव्ह बहुधा काळी. म्हणजे गाडीतलं 'लाल प्लस, काळी मायनस' हेही इथे उलटं पडतं. मी पहिल्याच दिवशी काळी वायर निगेटिव्ह समजून जोडली आणि फ्यूज उडाला. फ्यूज होता म्हणून फक्त फ्यूज उडाला.

दुसरं म्हणजे टेस्टर. आपला निऑनचा स्क्रूड्रायव्हर १२ व्होल्टवर पेटतच नाही, तेव्हा 'टेस्टर लागला नाही म्हणजे वायर मेलेली आहे' हा हिशेब सोडा. साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. इथली बटणं वर केली की चालू होतात, खाली केली की बंद, हेही लक्षात असू द्या.

आणि घर हलत नाही. ट्रेलर ताशी शंभर किलोमीटरने तासन् तास थरथरतो, पावसात भिजतो, आत घोडा मुततो आणि त्या अमोनियाने तांबं हिरवं पडतं. वरून हा सगळा पत्र्याचा डबा. घरात दहा वर्षं टिकणारा जोड इथे एक उन्हाळासुद्धा काढत नाही.

ट्रकला जोडलेल्या सात पिनांच्या प्लगमधूनच सगळं चालवलं तर?

चालतं, पण ट्रक जोडलेला असेपर्यंतच. त्या सात पिनांत निगेटिव्ह, मागचे दिवे, डावं-उजवं वळण, इलेक्ट्रिक ब्रेक, रिव्हर्स आणि एक १२ व्होल्टची चार्जिंग लाइन असते. आपल्या कामाची ती शेवटची. काही ट्रकमध्ये ही लाइन किल्ली बंद केल्यावरही चालू राहते, तेव्हा रात्रभर पंखा लावला की सकाळी ट्रक सुरू होत नाही. काहींमध्ये ती किल्लीबरोबर बंद होते. आणि काही ट्रकमध्ये तिचा फ्यूज किंवा रिले कारखान्यातून बसवलेलाच नसतो, म्हणून पिन मेलेली दिसते.

पिनांच्या रंगांवर विसंबू नका. रंगांच्या दोन पद्धती चालतात. एकीत ब्राउन म्हणजे मागचे दिवे, दुसरीत ब्राउन म्हणजे उजवं वळण. आधीच्या मालकाने हाताला लागेल ती वायर जोडलेली असेल तर ती तिसरी पद्धत. कुणाला तरी ट्रकमध्ये बसवा, एकेक गोष्ट चालू करायला सांगा आणि मीटरने पिन ओळखून कागदावर लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे. मागच्या दिव्यांच्या वायरीतून खोलीचा दिवा ओढण्याचा मोह टाळा. तिथे शॉर्ट झालं तर हायवेवर तुमचे मागचे दिवे जातील.

ट्रेलरच्या दांड्यावर आधीच एक छोटी बॅटरी आहे. तीच वापरली तर?

नाही. ती ब्रेकअवे बॅटरी. ट्रेलर चालता चालता ट्रकपासून सुटला तर एक केबल खेचली जाते आणि ही बॅटरी ट्रेलरचे ब्रेक आपोआप लावते. ते ब्रेक निदान १५ मिनिटं लागलेले राहायला हवेत, असा संघीय नियम आहे. ती साधारण ५ अँपिअर-तासांची असते. एका रात्रीच्या पंख्याने ती सपाट होईल आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही दोन घोडे घेऊन या आपत्कालीन ब्रेकविना निघाल, तुम्हाला पत्ताही लागणार नाही. खोलीची बॅटरी वेगळी हवी.

मग बॅटरी केवढी घ्यायची?

कागदावर बेरीज करा. दोन एलईडी दिवे मिळून ०.६ अँपिअर, पाच तास, म्हणजे ३ अँपिअर-तास. छोटा पंखा २ अँपिअर, दहा तास, म्हणजे २०. दोन मोबाइलचे ३ धरा. एका रात्रीचे झाले २६.

लेड-अॅसिड डीप-सायकल बॅटरी (हळूहळू रिकामी होण्यासाठी केलेली) अर्ध्याखाली वारंवार उतरवली की लवकर मरते. तेव्हा २६ हवे असतील तर ५५-६० ची बॅटरी लागते. ८० ची घेतली तर एक रात्र आरामात निघते. दुसऱ्या रात्रीसाठी मधे चार्ज करावी लागेल. १०० ची लिथियम-आयर्न-फॉस्फेट घेतली तर दोन-तीन रात्री निघतात आणि वजन निम्म्याहून कमी, पण ती शून्य अंश सेल्सिअसच्या खाली चार्ज करायची नसते. टेक्सासमध्ये हा त्रास थोडे दिवस, मिनेसोटात चार-पाच महिने.

पाणी घालायची साधी बॅटरी खोलीच्या आत ठेवू नका. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. ती बाहेर, दांड्यावर, हवेशीर डब्यात पट्ट्याने आवळून ठेवा. गाडी सुरू करायची बॅटरी या कामाला नको. ती एकदम मोठा करंट देण्यासाठी केलेली असते, रात्रभर हळूहळू रिकामं होणं तिला झेपत नाही.

वायर किती जाडीची?

भारतात आपण स्क्वेअर एमएम बोलतो. जुने वायरमन 'तीन बावीस', 'सात वीस' म्हणायचे. इथे अमेरिकन गेज, आणि आकडा वाढला की वायर बारीक होते. १६ गेज म्हणजे सुमारे १.३ स्क्वेअर एमएम, १४ म्हणजे २.१, १२ म्हणजे ३.३, १० म्हणजे ५.३.

१२ व्होल्टमध्ये वायर तापायच्या आधी व्होल्टेज पडतं, आणि हेच घरच्या वायरिंगपेक्षा वेगळं आहे. घरात एक व्होल्ट पडला तर कळत नाही, इथे एक व्होल्ट म्हणजे बाराव्या हिश्शाची वीज गेली. समजा, बॅटरीपासून पंख्यापर्यंत २० फूट आणि करंट ५ अँपिअर. जाऊन-येऊन ४० फूट तांबं. १६ गेजच्या वायरीत सुमारे ०.८ व्होल्ट जातील, १२ गेजमध्ये ०.३. म्हणून मी दिव्यांना १४, पंखा आणि सॉकेटला १२, आणि बॅटरीपासून फ्यूज बॉक्सपर्यंत १० गेज वापरली.

वायर बारीक तारांची, शुद्ध तांब्याची घ्या. स्वस्त रिळांवर कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'कॉपर-क्लॅड' लिहिलेलं असतं, म्हणजे आत अॅल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. वायर सोलून टोक चाकूने खरवडा. आत पांढरी चकाकी दिसली तर रीळ परत करा.

फ्यूज कुठे बसवायचे?

पहिला बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरावर. तो वायरीसाठी असतो, दिव्यासाठी नाही. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची वायर कशानेच राखलेली नसते. ती कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर लालबुंद होईपर्यंत बॅटरी करंट देत राहते. आणि शेजारच्या कप्प्यात गवत असतं. त्यानंतर खोलीत एक छोटा ब्लेड फ्यूज बॉक्स: दिव्यांना ५ अँपिअरचा फिकट तपकिरी, पंख्याला १० चा लाल, सॉकेटला १५ चा निळा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा टाकणं, किंवा वडिलांच्या पिढीसारखं तारेचा वेटोळा मारणं, इथे चालणार नाही.

वायरी पिळून टेप मारली तर?

मी तेच केलं होतं. पिळून, वर काळी टेप, मिरजेत शिकले तसं, अगदी घट्ट. मे महिन्यात केलं. ऑगस्टमध्ये बंद ट्रेलरमधली हवा इतकी तापली की टेपचा डिंक वितळून ती शेपटासारखी लोंबायला लागली. दिवा गतिरोधकावर लुकलुकायचा. टेप काढली तर आतलं तांबं हिरवट, आणि पिळलेल्या तारा हलून हलून सैल झालेल्या.

घरच्या वायरिंगमध्ये इथे प्लास्टिकच्या टोप्या पिरगाळून बसवतात, त्याही थरथरीत सुटतात. निळ्या किंवा लाल क्लिपा, ज्या चालू वायरीला चिमटा मारून फाटा काढतात, त्या तर विकतच घेऊ नका. त्या वायरीची कातडी फाडतात आणि ओल थेट आत जाते. नुसती डाग दिलेली, म्हणजे सोल्डर केलेली वायरही जिथे डाग संपतो तिथे कडक होऊन हलण्याने तुटते.

टिकतो तो क्रिम्प, म्हणजे वायरीवर दाबून बसवलेला जोड. आत डिंक असलेले हीट-श्रिंक जोड मिळतात. वायर सोला, जोडात घाला, रॅचेटच्या पक्कडीने दाबा, दोन्ही टोकं धरून जोरात ओढा. सुटला तर बरं झालं, आत्ताच सुटला. मग हीट गनने गरम करा. नळी आवळते आणि कडेने डिंकाचा थेंब बाहेर डोकावतो. तो थेंब दिसला की पाणी आत जाणार नाही. पक्कड मात्र चांगली घ्या. कानस-कात्री-पक्कड असं सगळं एकात करणारं हत्यार कशालाच धड नसतं.

निगेटिव्हसाठी ट्रेलरचा पत्राच वापरला तर वायर वाचेल ना?

वाचेल, आणि दर पावसाळ्यानंतर तुम्ही दिवा का लुकलुकतो हे शोधत बसाल. ट्रेलरमध्ये अॅल्युमिनियमचा पत्रा, स्टीलचा सांगाडा, मधे रंग आणि रिबिटं. दोन वेगळे धातू ओलीत भेटले की गंजतात. प्रत्येक दिव्याला निगेटिव्हची वेगळी वायर द्या आणि सगळ्या एका पितळी पट्टीवर आणा. पट्टीवरून एक जाड वायर बॅटरीला.

वायरी कुठून न्यायच्या?

भिंत दुहेरी असेल तर आतून. आधी एक पॅनेल उघडून पाहा. आत जुनी वायर असेल, ड्रिल तिच्यातून आरपार जाऊ शकतं. पत्र्यातल्या प्रत्येक भोकाला रबरी ग्रॉमेट, म्हणजे कडेला बसणारं कडं, घाला. पत्र्याची धार हळूहळू करवतीसारखी चालते. वायरी चिरलेल्या प्लास्टिक नळीत घाला आणि फूटभर अंतरावर क्लिपने आवळा. छताला भोक पाडायचं टाळा. पाडलंच तर छताचं सीलंट लावा, बाथरूमचं सिलिकॉन नको.

प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा. तीन वर्षांनी तुम्हाला आठवणार नाही.

घोड्यांच्या कप्प्यातही दिवा हवाय.

जरूर लावा. अंधाऱ्या डब्यात घोडा चढायला नकार देतो, आत उजेड असेल तर पुष्कळदा चढतो. पण वायर त्याच्या तोंडाला आणि शेपटीला मिळता कामा नये. घोड्याला वेळ भरपूर असतो आणि दातही. वायर छताजवळ कडक पाइपमधून न्या, दिवा पाण्याला न जुमानणारा घ्या, बटण ड्रेसिंग रूममध्ये ठेवा. हॅलोजनचे छोटे गोल दिवे वापरू नका. ते तापतात आणि वर गवताची धूळ बसते.

बाहेरून १२० व्होल्ट घ्यायचे का?

फक्त दिवा-पंखा हवा असेल तर नको. बॅटरीला चांगला चार्जर जोडा आणि घरी उभा असताना चार्ज करा. एसी हवा असेल तर पर्याय नाही, आणि तिथे खेळ बदलतो.

१२ व्होल्टवर चूक झाली तर आग लागू शकते. १२० व्होल्टवर आग तर लागू शकतेच, शिवाय अख्ख्या ट्रेलरच्या पत्र्यात करंट उतरू शकतो. आता घोडा उतरताना बघा. मागचे पाय आधी बाहेर, ओल्या गवतावर. पुढचे पाय अजून ट्रेलरच्या फरशीवर. पायांत लोखंडी नाल. तुम्ही रबरी बुटांत, तुम्हाला काहीच जाणवत नाही. त्याला जाणवतं, कारण घोडे आणि गुरं माणसापेक्षा कितीतरी कमी व्होल्टेजला दचकतात. 'आमचा घोडा एकाएकी ट्रेलरला घाबरायला लागला' असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते, बाहेरची वायर जोडलेली होती का.

ट्रेलरमध्ये तीन-चार गोष्टी पाळल्या. मी आरव्हीसाठी, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाड्यांसाठी असलेलं नॅशनल इलेक्ट्रिकल कोडचं कलम ५५१ धरून चालले. ट्रेलरच्या पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडायचे नाहीत. इथे घराच्या मुख्य पॅनेलमध्ये ते जोडलेले असतात, म्हणून घरचं पॅनेल बघून नक्कल करणारा इथे फसतो. ट्रेलरमध्ये जोडले तर न्यूट्रलचा परतीचा करंट तुमच्या पत्र्यातूनही वाहायला लागतो. अर्थ मात्र सांगाड्याला घट्ट बोल्ट केलेला हवा. सॉकेट जीएफसीआयचे, म्हणजे करंट गळला की स्वतःच वीज तोडणारे. आपल्या घरातला आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला पडतो, हे सुमारे ५ ला पडतात. आणि बाहेरून आत वीज घ्यायला झाकणाचा इनलेट बसवा. दारातून एक्स्टेंशन कॉर्ड ओढून दार त्यावर लावू नका.

एक सापळा इथे पुन्हा पुन्हा दिसतो. आरव्हीचं ३० अँपिअरचं टीटी-३० सॉकेट १२० व्होल्टचं असतं. कपडे वाळवायच्या मशीनचं जुनं ३० अँपिअरचं सॉकेट २४० चं. दिसायला जवळपास भाऊ-भाऊ, आणि घरबांधणीतले इलेक्ट्रिशियनसुद्धा सवयीने टीटी-३० च्या मागे २४० देऊन मोकळे होतात. नव्या ठिकाणी प्लग लावण्याआधी मीटर लावा. आपल्याला २३० ची सवय, त्यामुळे मीटरवर २४० दिसलं की 'बरोबर आहे' वाटतं. इथे ते बरोबर नाही. चार्जर आणि एसी एका क्षणात जातील.

हा भाग स्वतः केलात तरी जोडण्याआधी परवानाधारक इलेक्ट्रिशियनला दाखवा. मी दाखवला. त्याने दोन स्क्रू पुन्हा आवळले आणि अर्थच्या वायरीच्या एका टोकाखालचा (लगखालचा) रंग खरवडायला लावला.

एसी आणि हीटर?

छतावरचा १३,५०० बीटीयूचा एसी चालताना साधारण १३ ते १६ अँपिअर घेतो, सुरू होताना कितीतरी जास्त. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर अॅडॉप्टर लावून तो चालवला की ब्रेकर पडतो किंवा प्लग वितळतो.

हीटरबद्दल माझं मत पक्कं आहे: गवत आणि भुसा असलेल्या डब्यात कॉइलचा हीटर नाही म्हणजे नाही. १५०० वॉटचा हीटर इन्व्हर्टरवर चालवू, असं कुणी म्हणालं तर गणित सांगा. १२ व्होल्टवर ते १२५ अँपिअर होतात. १०० अँपिअर-तासांची बॅटरी पाऊण तासात झोपेल. जाकीट घाला.

जनरेटर?

दिव्या-पंख्यासाठी गरज नाही. वापरलात तर ट्रेलरपासून दूर, धूर खिडकीकडे येणार नाही असा ठेवा, आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. कुणी आत झोपणार असेल तर अलार्मशिवाय जनरेटर सुरूच करू नका.

सोलर पॅनेल फायद्याचं आहे का?

आमच्यासाठी सगळ्यात चांगला खर्च हाच ठरला. १०० वॉटचं पॅनेल भर उन्हात ५ अँपिअरच्या आसपास देतं. टेक्सासच्या उन्हाळ्यात दिवसाला २०-२५ अँपिअर-तास मिळतात, म्हणजे जवळजवळ एका रात्रीचा पंखा. मधे चार्ज कंट्रोलर हवाच, आणि पॅनेलच्या वायरीलाही फ्यूज. फक्त आपण ट्रेलर नेहमी झाडाखाली लावतो, घोड्यांसाठी. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी करंट धाडकन पडतो. आमचं पॅनेल सुटं आहे; ट्रेलर सावलीत आणि पॅनेल तीस फुटांवर उन्हात, कुंपणाला टेकवून.

काम झालं. घोडा चढवायच्या आधी काय तपासायचं?

सगळं चालू करून आधी बॅटरीवर आणि मग सगळ्यात लांबच्या दिव्यावर व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर एखादा जोड नीट नाही. सगळं बंद करून मीटर निगेटिव्हच्या वायरीत मधे घाला. काही मिलिअँपिअरपेक्षा जास्त दिसलं तर काहीतरी चोरून वीज खातंय, आमच्याकडे यूएसबी सॉकेटचा निळा दिवा होता. मग रिकामा ट्रेलर खडबडीत रस्त्यावर वीस किलोमीटर फिरवून आणा आणि हाताने प्रत्येक जोड चाचपा. कुठलाही गरम लागता कामा नये.

१२० व्होल्ट असतील तर बाहेरची वायर जोडा, मीटर एसी व्होल्टवर ठेवा, ओल्या जमिनीत एक लांब स्क्रूड्रायव्हर खुपसा. मीटरचं एक टोक त्याला, दुसरं ट्रेलरच्या उघड्या धातूला, म्हणजे रंग नसलेल्या बिजागरीला वगैरे. आकडा शून्याच्या आसपास हवा. एक-दोन व्होल्ट दिसले तरी वायर काढा आणि कारण सापडेपर्यंत घोडा जवळ आणू नका. हे दर नव्या मैदानावर करायचं असतं, कारण दोष तुमच्या ट्रेलरमध्ये नसून त्यांच्या खांबावरच्या सॉकेटमध्येही असू शकतो. आमचा तो स्क्रूड्रायव्हर आता नालांच्या पेटीतच असतो.